मुरुमांचे खड्डे: सबसिजनपासून पीआरपीपर्यंत, क्रमाने

मुरुमं गेल्यावर चेहऱ्यावर दोन वेगळ्या गोष्टी उरतात: डाग आणि खड्डे. डाग हा फक्त रंगातला फरक. तो सपाट असतो आणि ऊन टाळलं, सनस्क्रीन नियमित लावलं तर बहुतेक वेळा काही महिन्यांत फिका पडतो. खड्ड्याच्या जागी मात्र त्वचेच्या आतल्या थरातलं कोलॅजेनच गेलेलं असतं. ट्यूबमधून येणारं मलम, मग ते कितीही महाग असो, तिथे फार काही करू शकत नाही. क्लिनिकच्या पायऱ्या चढण्याआधी आपल्याला नेमकं काय झालंय हे ओळखलं, तर निम्मा खर्च तिथेच वाचू शकतो.

जुलै २०२४ ते डिसेंबर २०२५ या काळात पुण्यात या खड्ड्यांवर मी उपचार घेतले. सबसिजन (त्वचेखालचे तंतू सुईने तोडणं), टीसीए क्रॉस (खड्ड्याच्या तळाशी आम्लाचा थेंब) आणि मायक्रोनीडलिंगबरोबर (बारीक सुयांनी त्वचा टोचणं) पीआरपी (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेटचा द्रव), या क्रमाने. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहितो.

पहिल्या तपासणीत डॉक्टर मॅडमनी ट्यूबलाइट बंद करून बाजूने टॉर्च मारला. समोरून पडलेल्या उजेडात खड्डे दिसत नाहीत, बाजूच्या उजेडात त्यांच्या सावल्या पडतात. मग बोटांनी गाल ताणून पाहिला. ताणल्यावर जो खड्डा नाहीसा होतो तो ‘रोलिंग’ प्रकारचा: रुंदी ४–५ मिमीपेक्षा जास्त, कडा उतरत्या, आणि तळाला तंतूंनी खाली धरून ठेवलेला. गादीला जिथे टाका मारलेला असतो तिथे ती आत ओढली जाते, तसंच. ज्याच्या कडा सरळ उभ्या आणि तळ सपाट, तो ‘बॉक्सकार’. आणि सुईने टोचल्यासारखा अरुंद, दोन मिमीपेक्षा कमी रुंद पण खोल, तो ‘आइसपिक’. बहुतेकांच्या चेहऱ्यावर तिन्ही प्रकार मिसळलेले असतात, आणि तिन्हींचा उपचार वेगळा असतो. कुणी चेहरा न ताणता, उजेड न बदलता थेट ‘सहा सिटिंगचं पॅकेज’ सांगत असेल, तर तिथून उठलेलं बरं.

उपचार मात्र त्या दिवशी सुरू झाला नाही. जबड्याच्या कडेला नवी मुरुमं येत होती, आणि चालू मुरुमांवर सुया फिरवल्या तर जंतुसंसर्ग पसरतो, शिवाय नवे खड्डे तयार होतच राहतात. आधी मुरुमं शांत करायची, मग खड्डे भरायचे. त्यासाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांनंतर सहा महिने कुठलीच प्रक्रिया करायची नाही, असा जुना नियम होता. २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या गटांनी उपलब्ध पुरावे तपासले आणि मायक्रोनीडलिंग किंवा वरवरच्या पील्ससाठी (आम्लाने त्वचेचा वरचा थर सोलणं) एवढं थांबण्याची गरज दिसत नाही असं मत दिलं. त्वचा घासून काढणाऱ्या यांत्रिक डर्माब्रेजनला आणि संपूर्ण थर जाळणाऱ्या लेझरला ही सूट नाही. तरी ‘गोळ्या चालू आहेत’ किंवा ‘अमुक महिन्यात बंद केल्या’ हे प्रत्येक नव्या डॉक्टरला न विचारता सांगावं.

थांबण्याच्या या काळात क्लिनिकं पाहून झाली. सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी असते, केस पेपरचा खर्च नगण्य असतो, आणि बऱ्याच ठिकाणी सबसिजन आणि मायक्रोनीडलिंग होतं. अडचण वेळेची. ओपीडी सकाळची, प्रक्रियेचा वार ठरलेला, आणि रांग लांब. ज्याला रजा मिळते आणि घाई नाही त्याने तिथेच जावं. निवासी डॉक्टर रोज हेच काम करतात, त्यामुळे हात बसलेला असतो. खासगीत मला मिळालेले दर असे: सबसिजन ५ ते ८ हजार, टीसीए क्रॉस दीड ते ३ हजार, मायक्रोनीडलिंग आणि पीआरपी मिळून ५ ते ९ हजार, फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर ६ ते १२ हजार, सगळे प्रत्येक सिटिंगचे. पॅकेज घेतलं तर सूट असते, पण पैसे परत मिळायची अट कागदावर मागा. दोन सिटिंगनंतर त्वचा काळवंडली आणि थांबावं लागलं, तर उरलेल्या रकमेचं काय, हा प्रश्न पावती फाडायच्या आधी विचारायचा असतो. जीएसटीही विचारून घ्या. निव्वळ सौंदर्यासाठीच्या प्रक्रियेवर तो लागतो, आणि तोंडी सांगितलेल्या दरात तो धरलेला नसतो.

विम्याकडून आशा ठेवू नये. आरोग्य विम्याच्या कागदांत वगळलेल्या गोष्टींच्या यादीत ‘Excl08’ या क्रमांकाखाली कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी येते. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार एवढाच अपवाद. मुरुमांचे खड्डे त्यात बसवणं कठीण. अपघाताचा वण असेल तर मात्र एफआयआर किंवा एमएलसीची (रुग्णालयाने पोलिसांसाठी केलेली नोंद) प्रत, पहिल्या उपचाराची कागदपत्रं आणि डॉक्टरांचं पत्र जोडून आधी पूर्वमंजुरी मागावी.

डॉक्टर कोण हे पाहण्यासाठी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकता येतो. एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी यांपैकी त्वचारोगाची पदवी-पदविका आहे का ते बघायचं. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ अशी पाटी वाचून काहीच कळत नाही.

याच फेरफटक्यात ‘रीजनरेटिव्ह’ हा शब्द फार ऐकू आला. त्याच्या पोटात बरंच काही घालतात. पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट घट्ट केलेला द्रव. तो आपलाच, त्याच बैठकीत काढलेला आणि वापरलेला. स्टेम सेलच्या नावाने जे विकतात त्याचा यात संबंध नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विकारांसाठी मान्य असलेलं स्टेम सेल प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त क्लिनिकल चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा ‘स्टेम सेल फेशियल, अमुक हजार’ हे वाक्य स्वतःच सगळं सांगून जातं. एक्सोसोमच्या (पेशींतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांच्या) बाटल्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्ये सावधानतेचा इशारा दिला होता. सुयांनी उघडलेल्या त्वचेवर इंजेक्शनसाठी न बनलेलं कुठलंही सीरम ओतणं धोक्याचंच. व्हिटॅमिन सी सीरममुळेही त्वचेत गाठी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. माझ्या मते इथे नकार देताना संकोच करू नये.

दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरमध्ये, तपासण्या: हिमोग्लोबिन, प्लेटलेटसह सीबीसी, साखर, एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी. प्लेटलेट खूप कमी असतील तर पीआरपी नीट बनत नाही आणि पैसे वाया जातात. मग फोटो: समोरून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत आणि पूर्ण बाजूने, एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली. हे फोटो आपल्या फोनवरही घ्यायचे. आरसा रोज बघितल्यावर बदल कळतच नाही, आणि सुरुवातीचा फोटो नसला तर सहा महिन्यांनी ‘काहीच झालं नाही’ आणि ‘खूप झालं’ ही दोन्ही वाक्यं तितकीच खरी वाटतात. संमतीपत्रावर फोटो जाहिरातीत वापरण्याची परवानगी वेगळी असते. ती नाकारली तरी उपचार मिळतो. त्या ओळीवर काट मारून सही करायची.

त्वचेची तयारी प्रक्रियेच्या तीन-चार आठवडे आधी सुरू होते. एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन, दोन बोटांवर बसेल इतकं, चेहरा आणि मानेला, दिवसातून किमान दोनदा. या मापाने ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवडे टिकते. दोन महिने पुरत असेल, तर कमी लागतंय. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला जखम झाली की रंगद्रव्य जास्त तयार होतं, म्हणून ही तयारी. एक आठवडा आधी रेटिनॉल-ट्रेटिनॉइन बंद. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूलही बंद, कारण त्या प्लेटलेटच्या कामात ढवळाढवळ करतात आणि रक्त जास्त वाहतं. हृदयासाठी कुणी ॲस्पिरिन घेत असेल तर मात्र ती आपल्या मनाने बंद करू नये, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं. ओठावर वारंवार पाणीदार फोड उठत असतील तर तेही सांगा. विषाणूविरोधी गोळ्या आधीपासून देतात. कानाच्या पाळीला, छातीला किंवा खांद्याला जाड फुगीर वण आलेला असेल तर तो दाखवा. केलॉइडची प्रवृत्ती असेल तर ही सगळी योजनाच बदलते.

डिसेंबरमध्ये सबसिजन. रोलिंग खड्डे तंतूंनी खाली बांधलेले असतात. ते तंतू न तोडता वरून कितीही सुया फिरवल्या तरी खड्डा उठत नाही. म्हणून ही पायरी आधी. खुणा बसलेल्या अवस्थेत करून घ्यायच्या, कारण आडवं झाल्यावर गाल पसरतो आणि सावल्या जातात. लिग्नोकेन आणि ॲड्रेनलिनचं इंजेक्शन देऊन भाग बधिर करतात. दुखतं ते एवढंच. मग कडेला एक छिद्र करून त्वचेखालून जाड सुई किंवा बोथट टोकाची कॅन्युला पंख्यासारखी फिरवतात. तंतू तुटताना कट् कट् असा आवाज आतून ऐकू येतो. वेदना नाही, पण तो आवाज नको वाटतो हे खरं. नंतर गॉझ दाबून धरायचा, पाच-दहा मिनिटं, मनापासून. त्वचेखाली थोडं रक्त साठणं उपयोगी असतं, त्याने तंतू परत चिकटायला वेळ लागतो. जास्त साठलं तर गाठ होते आणि ती महिना-दोन महिने हाताला लागते. सूज तीन-चार दिवस, काळा-निळा रंग दोन आठवड्यांपर्यंत. लग्नसराईत ही तारीख घेऊ नये. कानशिलाजवळ आणि जबड्याच्या कडेला चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या शाखा वरवर असतात, तेव्हा हे काम पार्लरमध्ये नाही.

जानेवारीत आइसपिक खड्ड्यांसाठी टीसीए क्रॉस. ही पद्धत कोरियातल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये मांडली: तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाचा अगदी छोटा थेंब टोकदार काडीने फक्त खड्ड्याच्या तळाशी ठेवायचा. काही सेकंदांत तिथे पांढरा ठिपका उमटतो, झणझणतं, संपतं. मूळ पद्धतीत तीव्रता ६५ ते १०० टक्के होती. सावळ्या त्वचेवर बरेच डॉक्टर त्याहून खाली राहतात. थेंब कडेवर सांडला तर खड्डा रुंद होतो, हा या पद्धतीचा खरा धोका. खपली तीन ते सात दिवसांत पडते, ती नखाने काढायची नाही. खपली पडल्यावर ठिपके काळपट झाले. तो अपेक्षित परिणाम असतो, पण त्या आठवड्यात आरशात आधीपेक्षा वाईट दिसतं आणि निराशा येते, त्याची तयारी ठेवावी. काळपटपणा दीड-दोन महिन्यांत ओसरला. यासाठी डाग फिके करणारं हायड्रोक्विनोनचं मलम ठरावीक आठवड्यांपुरतं दिलं जातं. स्टेरॉइड मिसळलेली ‘गोरेपणाची’ ट्यूब केमिस्टकडून आपणहून आणून लावत राहणं हा आपल्याकडचा मोठा घोळ आहे. त्याने त्वचा पातळ होते आणि नवी मुरुमं येतात.

फेब्रुवारीअखेर मायक्रोनीडलिंग आणि पीआरपीची पहिली बैठक. पूर्ण अडीच-तीन तास धरा. आदल्या दिवशी दाढी करून जायचं. त्याच सकाळी केली तर बारीक कापलेल्या जागी मलम फार झोंबतं. बधिर करणारं मलम लिडोकेन आणि प्रिलोकेन, दोन्ही अडीच टक्के, जाड थर, वर प्लास्टिकची फिल्म, ४५ मिनिटं ते तास. याच वेळात रक्त काढतात, साधारण १० ते २० मिली, गोठू न देणारं द्रावण असलेल्या नळ्यांत. सुई पुरेशी जाड असावी. बारीक सुईतून जोरात ओढलं की तांबड्या पेशी फुटतात आणि वरचा द्रव गुलाबी येतो. नळ्यांवर नाव लिहिलंय का ते आपल्या डोळ्यांनी बघायचं.

सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा फिरवतात. पहिल्या संथ फेरीत तांबड्या पेशी खाली बसतात. वरचा पिवळसर भाग दुसऱ्या नळीत घेऊन जास्त वेगाने फिरवला की प्लेटलेट तळाशी जमतात. वरचा पातळ भाग काढून टाकला की उरतो तो पीआरपी, एवढ्या रक्तातून जेमतेम दोन-तीन मिली. रक्तात असतात त्याच्या चार ते सहा पट प्लेटलेट त्यात असाव्यात. एकदाच फिरवून नळीभर पिवळं पाणी कुणी दाखवलं, तर तो बहुतांश नुसता प्लाझ्मा असतो.

सुयांचं पेन असेल तर पुढचा कार्ट्रिज, रोलर असेल तर अख्खा रोलर आपल्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाला पाहिजे आणि संपल्यावर टाकला गेला पाहिजे. हे चोखंदळपणाचं लक्षण नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका परवाना नसलेल्या स्पामध्ये सुया आणि पीआरपीच्या ‘व्हॅम्पायर फेशियल’मधून ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाली, २०१८ मध्ये तो स्पा बंद झाला आणि २०२४ मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने त्या तपासाचा अहवाल प्रसिद्ध केला.

गालावर सुया दीड ते अडीच मिमी जातात, कपाळावर, नाकावर आणि डोळ्यांजवळ त्याहून कमी. उभ्या, आडव्या आणि दोन्ही तिरक्या दिशांनी फिरवत टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब सगळीकडे सारखे येईपर्यंत. गाल सुसह्य होता. वरचा ओठ आणि कपाळ, तिथे मलम कितीही लावा, जाणवतं. गालफडाच्या हाडावर रोलर दाबून फिरवला तर समांतर रेघांचे वण उठू शकतात, म्हणून तिथे हलका हात. रक्त सलाइनने पुसून त्यावर पीआरपी चोळतात, आणि खोल खड्ड्यांत इंजेक्शननेही सोडतात.

पीआरपीने नेमका किती फरक पडतो? भारतीय डॉक्टरांचा २०१६ चा एक अभ्यास आहे: ५० जणांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला सुया आणि पीआरपी, दुसऱ्या बाजूला सुया आणि नुसतं शुद्ध पाणी. सुधारणा सुमारे ६२ टक्के आणि ४६ टक्के. म्हणजे मोठं काम सुयाच करतात, पीआरपी वर थोडी भर घालतो. पैसे कमी असतील तर पीआरपी गाळून नुसतं मायक्रोनीडलिंग घ्यावं, सबसिजन गाळू नये. हा सल्ला पॅकेज विकणारा देणार नाही.

घरी जाताना रिक्षा. हेल्मेटचा पट्टा, आतला घाम आणि रस्त्यावरची धूळ, तिन्ही त्या दिवशी नकोत. रात्रभर चेहरा भाजल्यासारखा गरम लागतो. फ्रिजमधलं सलाइन गॉझवर घेऊन ठेवलं की बरं वाटतं, बर्फ थेट नाही. दुसऱ्या दिवशी सौम्य क्लींझरने धुवायचा आणि साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर. लाली दोन-तीन दिवस, मग त्वचा खरखरीत होऊन बारीक सोलपटते. सनस्क्रीन दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून. जिम, पोहणं, वाफ आणि दाढी चार-पाच दिवस नाही. रेटिनॉल आणि आम्लांची सीरम आठवडाभर नाहीत. हळद, लिंबू, मुलतानी माती घेऊन घरची मंडळी मायेने पुढे येतात. त्यांना आठवडाभर लांब ठेवायचं. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढलं, पू दिसला किंवा द्राक्षांच्या घोसासारखे पाणीदार फोड उठले तर फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नये, थेट जावं.

पुढच्या बैठका चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. अंतर कमी करून फायदा नसतो, कारण सुया फक्त जखम करतात. कोलॅजेन शरीर नंतर बनवतं, आणि ते पक्कं व्हायला महिने लागतात. पहिल्या बैठकीनंतर आठवड्याभरात चेहरा छान भरलेला दिसतो, ती सूज असते. ती उतरली की खड्डे परत दिसतात, आणि इथेच बरेच जण सोडून देतात. एप्रिलमध्ये लेझर सुचवला गेला. पुण्याचं एप्रिल-मेचं ऊन, कामासाठी बाहेर फिरणं आणि क्रॉसनंतर एकदा काळवंडून गेलेली त्वचा पाहता मी नको म्हटलं. फ्रॅक्शनल लेझरने बॉक्सकारच्या कडांना मायक्रोनीडलिंगपेक्षा जास्त फरक पडू शकतो, पण काळवंडण्याची शक्यताही जास्त. ज्याला आठ-दहा दिवस घरात बसता येतं त्याने हिवाळ्यात तो विचार करावा.

शेवटची बैठक जूनमध्ये झाली, आणि निकालाचे फोटो डिसेंबरमध्ये, कारण सहा महिन्यांआधी निकाल काढण्यात अर्थ नाही. रोलिंग खड्डे अर्ध्याहून अधिक उथळ झालेत. बाजूच्या उजेडात अजून दिसतात, समोरून जवळजवळ नाहीत. बॉक्सकार मध्यम. आइसपिकमधले थोडे भरले, दोन-तीन तसेच आहेत. तपासणी, औषधं, सनस्क्रीन धरून खर्च पन्नास हजारांच्या आसपास गेला, आणि त्यात सनस्क्रीनचा वाटा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

उरलेल्या आइसपिकसाठी पंच एक्सिजन सुचवलंय. गोल पात्याने तेवढाच खड्डा कापून काढतात आणि टाका घालतात; चेहऱ्यावरचा टाका पाच-सात दिवसांनी निघतो. खोल खड्ड्याच्या जागी एक बारीक सपाट रेघ, असा हा सौदा आहे. दोन खड्डे चार-पाच मिमीपेक्षा जवळ असतील तर एकाच दिवशी काढत नाहीत, मधली त्वचा ताणली जाते. एक आधी, दुसरा किमान चार आठवड्यांनी. माझे दोन शेजारी शेजारीच आहेत, त्यामुळे तारखाही दोन घ्याव्या लागतील.